सत्त्याहत्तर नंबरचा पत्ता

आक्कांनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या पुढ्यातून उचलला आणि भैरवीच्या पुढ्यात ठेवला. "आधी हिला घिऊ दी मार्तंडा, पोरगी सकाळधरनं उपाशी हाय."

बारा वर्षं त्या डब्यातली पहिली चटणी माझ्या भाकरीवर पडत आली होती. चटणीचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. ज्याच्या पुढ्यातून डबा कधी उचलला गेलेला नाही, त्यानं खुशाल म्हणावं. मी हसलो, "घे घे" म्हणालो आणि कोरडी भाकरी मोडली.

आक्का म्हणजे द्वारकाबाई, आमच्या शेळीपालक महिला कंपनीच्या अध्यक्ष. कंपनी म्हटल्यावर काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नये. धाराशिवहून तुळजापूरकडे जाताना रस्त्याकडेला पत्र्याच्या तीन खोल्या, मागे शेड, फाटकाशी वजनकाटा, एवढीच आमची कंपनी. जिल्ह्यातल्या वाशीपासून मुरूमपर्यंतच्या चारशे बायका तिच्या सभासद. त्यांच्या काळ्याभोर बोकडांना बकरी ईदला सोलापूर, लातूर, पुणे, थेट हैदराबादपर्यंत मागणी असते. ईदच्या तीन आठवडे आधी एका रविवारी सकाळी दहाला आम्ही ऑनलाइन बुकिंग उघडतो. बोकडांचे फोटो आणि वजनं बघून माणसं वेबसाइटवर तुटून पडतात आणि दोन तासांत सगळे बोकड बोलले जातात.

ती वेबसाइट आणि ती ज्यांच्यावर चालते ते दोन सर्व्हर मी उभे केले. मी मूळचा अणदूरचा, मास्तरांचा मुलगा. प्रिंटर दुरुस्त करायला म्हणून इथं आलो आणि इथलाच झालो. "मशिनीचं काय आसंल ते मार्तंडाला इचारा," हे आक्कांचं वाक्य मी बारा वर्षं कानात अत्तराच्या फायासारखं बाळगलं होतं.

भैरवी तुळजापूरची, पुजाऱ्यांच्या घरातली. पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि वडिलांच्या आजारपणात परत आली. आक्कांनी तिला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं, माझ्या मदतीला म्हणून. मी मदत मागितली नव्हती.

"सर, एक विचारू?" चटणी घेता घेता ती म्हणाली. "बुकिंगच्या आधी तुम्ही लोड टेस्ट करता ना, ती कुठून करता?"

"कुठून म्हंजे? माझ्या टेबलावरनं."

"एकाच मशिनवरून? एकाच पत्त्यावरून?"

"मग काय आठवडी बाजारात जाऊन करू?"

काट्यावरचा लिंबाजी हसला. आक्का मात्र हसल्या नाहीत. "लोड टेस्ट म्हंजी काय गं?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला विचारलं.

"रविवारी एकदम दोन हजार माणसं आपल्या साइटवर येणार, आक्का. ती यायच्या आधी आपणच एका मशिनमधून खोटी दोन हजार माणसं पाठवायची आणि सर्व्हर तग धरतो का ते बघायचं. सर दर वर्षी करतात."

"आन् दर वर्षी पास व्हतंय," मी म्हणालो.

"हो सर. पण आपले सर्व्हर दोन आहेत आणि पुढं वाटणी करणारं तिसरं मशिन आहे. ते आलेल्याचा पत्ता, म्हणजे त्याच्या यंत्राचा नंबर, बघून वाटणी करतं. एका पत्त्यावरून आलेलं सगळं एकाच सर्व्हरकडं जातं. म्हणजे तुमची ती दोन हजार माणसं पहिल्याच सर्व्हरकडं गेली. दुसऱ्याचं दार कुणी वाजवलंच नाही."

आक्कांनी घास हातात तसाच धरला. मग त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "आगं बया! म्हंजी एकाच बाईला पन्नास येळा हळदीकुकवाला बोलवायचं, आन् म्हनायचं पन्नास बाया यिऊन गेल्या!"

लिंबाजीला ठसका लागला. हिशेबनीस बाई पदर तोंडाला लावून हसल्या. एक भैरवी तेवढी हसली नाही, आणि मला सगळ्यात जास्त झोंबलं ते तिचं न हसणं.

ती बरोबर होती. मला एका क्षणात कळलं. पत्ता बघून वाटणी करायची व्यवस्था मीच केली होती, म्हणजे एखाद्याचा अर्धा भरलेला फॉर्म मध्येच दुसऱ्या सर्व्हरकडं जाऊन हरवू नये. गेली दोन वर्षं बुकिंगच्या दिवशी निम्म्या लोकांची तक्रार यायची, पान उघडत नाही म्हणून. मी संचालक मंडळाला सांगायचो, लोकांच्या मोबाइलला रेंज नसते, आपण काय करणार! सर्व्हर दोन आणि तक्रारी निम्म्यांच्या. दुसरीतल्या पोराला जमलं असतं ते गणित मला दोन वर्षांत सुटलं नव्हतं. पण खरं कळणं वेगळं आणि ते चार माणसांत गिळणं वेगळं.

त्या संध्याकाळी घरी माझी बायको अनसूया म्हणाली, "जेवाय बसल्यापास्नं चौथ्यांदा त्या पोरीचं नाव घेतलंत तुम्ही."

"कामाचं बोलतोय."

"व्हय का? मग तोंड का कारलं खाल्ल्यावानी झालंय?"

मी जळत होतो, आणि ते अनसूयेला दिसत होतं. आक्कांना दिसत नव्हतं, एवढीच काय ती बरी गोष्ट.

बुधवारी भैरवी माझ्या टेबलाशी आली. आमच्या कार्यालयातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता आहे. पुढचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा नंबर तेवढा ज्याचा त्याचा वेगळा. कोणाला कुठला नंबर दिला ते मी एका लांब वहीत लिहून ठेवतो. ती वही मी कधी कोणाच्या हातात देत नाही.

"सर, उद्या मी एकाच मशिनला साठ पत्ते देणार आहे," ती म्हणाली. "म्हणजे वाटणाऱ्याला वाटेल, साठ ठिकाणांहून माणसं आलीत. मग दोन्ही सर्व्हरकडं वाटणी होईल. मला साठ मोकळे नंबर हवेत."

मी वही माझ्याच पुढ्यात उघडली. "एकसष्टपास्नं एकशेवीसपर्यंत घे."

ती जागेवर गेली आणि पाऊण तासानं परत आली. "सर, मी साठही नंबरांना हाक देऊन बघितली. कुणीच ओ देत नाही. तरी विचारते, यातला एखादा कुणाचा नाही ना? बंद असलेल्या यंत्राचा वगैरे?"

बघा, किती नेमकं विचारलं पोरीनं. सत्त्याहत्तर नंबर आमच्या वजनकाट्याचा. काटा फक्त गुरुवारी चालू होतो, कारण गुरुवार वजनाचा वार. बुधवारी तो फाटकाशी बंद पडून होता, त्यामुळं त्यानं हाकेला ओ दिली नव्हती. वही माझ्यापुढं उघडी होती आणि ती ओळ माझ्याच अक्षरात होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, बुकिंगच्या आधीचा शेवटचा.

"न्हाई," मी म्हणालो. "मोकळेच हायत."

मी विसरलो नव्हतो. हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच मला सवलत देईल. मला एवढंच हवं होतं की तिच्या हातून काहीतरी बिघडावं, फार नाही, थोडंसं. आणि आक्कांनी व्हरांड्यातून हाक मारावी, मार्तंडा, बग रं काय झालंय. बोकडांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. जळणाऱ्या माणसाला स्वतःच्या धुरापलीकडचं दिसत नाही.

गुरुवारी सकाळपासून फाटकाशी चाळीस बोकड आले होते. अकराला भैरवीनं टेस्ट सुरू केली. दहा मिनिटांत लिंबाजी धावत आला. "सायेब, काटा बोलंना झालाय!"

आमच्याकडं वजन हातानं लिहायचं नाही असा आक्कांचा नियम आहे. पूर्वी लिहायचो, तेव्हा हिच्या बोकडाला जास्त लावलं, तिच्या बोकडाला कमी लावलं, अशी भांडणं व्हायची. आता काट्यावरचा आकडा थेट आतल्या संगणकात जातो आणि पावती निघते. पावती नाही तर वजन नाही. त्या दिवशी काट्यावर आकडा दिसत होता, पण आत पोचत नव्हता. एकाच पत्त्यावर दोन यंत्रं आल्यावर तो पोचणार कसा? एकोणतीस बोकडांची वजनं झाली होती, अकरा राहिले होते.

भैरवी आणि लिंबाजीनं तारा तपासल्या. काटा बंद केला, चालू केला. भैरवीनं टेस्ट थांबवली, पण मशिनला दिलेले साठ पत्ते तसेच राहिले, त्यामुळं फरक पडला नाही. मे महिन्यातलं ऊन. ती डोक्याला ओढणी बांधून फाटकापासून खोलीपर्यंत पळत होती.

पहिला अर्धा तास मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? पंख्याखाली बसून मी तिची धावपळ खिडकीतून बघितली आणि बरं वाटून घेतलं. मग अकरा बायका आणि त्यांचे अकरा बोकड दिसायला लागले. फाटकाशी एकच लिंब आहे, त्याच्या सावलीत चार-पाच बोकड मावतात. वजनाआधी पाणी पाजायचं नाही हाही नियमच, त्यामुळं ते सगळे तोंड उघडून धापा टाकत उभे होते. आता उठावं असं मला वाटलं, पण लगेच उठलो तर मला आधीच माहीत होतं हे उघडं पडलं असतं. म्हणून मी बसून राहिलो. एक वाजला, दोन वाजले.

अडीचला आक्कांची हाक आली. "मार्तंडा, आता तूच बग रं बाबा."

हीच हाक मला हवी होती. मी गेलो. काट्याजवळ उभा राहून कपाळाला आठ्या घातल्या, दोन तारा उगाच हलवल्या, मग भैरवीच्या मशिनपुढं बसलो. "हे बघा. हिनं सत्त्याहत्तर नंबर घेतलाय. त्यो काट्याचा हाय. एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं राह्यली तर टपाल कुणाला मिळायचं?"

"शेवटी मार्तंडच!" आक्का म्हणाल्या. मग भैरवीकडं वळल्या. सगळ्या बायकांपुढं त्यांचा आवाज चढला. "आगं पोरी, इचारायचं तरी हुतंस त्येला! तोंड न्हाई का तुला?"

भैरवीचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. आता ही सगळं सांगणार, म्हणून मी मनातल्या मनात उत्तर तयार करायला लागलो.

"चुकलं आक्का," ती म्हणाली. "माझ्याकडून राहिलं."

तिनं सत्त्याहत्तर नंबर काढून टाकला. काटा बोलायला लागला.

उरलेल्या अकरांपैकी शेवटचा बोकड तारामतीबाईंचा. त्या वाशीकडच्या, पन्नाशीच्या, वाळक्या अंगाच्या. त्यांचा वर्षाचा एकच बोकड. काट्यावर आकडा आला, चौतीस किलो तीनशे. पस्तीस किंवा वर 'अ' वर्ग, खाली 'ब'. 'अ' वर्गाचे फोटो साइटवर आधी दिसतात आणि हैदराबादचे लोक त्याच्याखाली उतरतच नाहीत.

"आसं कसं व्हईल?" तारामतीबाई म्हणाल्या. "पहाटं आमच्या गावच्या काट्यावर पस्तीस सहाशे भरलं व्हतं. चार जनांनी बगितलंय."

"साडेतीन तास उन्हात उभं हाय, मावशे," लिंबाजी म्हणाला. "हागलंय, मुतलंय, पाण्याचा थेंब न्हाई. घटणारच की."

फेरवजन आमच्याकडं नसतं. लोक मिठाचा भुसा चारतात, वर पाणी पाजतात आणि दुसऱ्या दिवशी दोन किलोनं फुगलेलं जनावर घेऊन येतात, म्हणून आक्कांनीच ते बंद केलं होतं. तारामतीबाई भांडल्या नाहीत. त्यांनी पदरानं बोकडाचे डोळे पुसले, पावतीची बारीक घडी केली आणि रस्त्यावर गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी भैरवी माझ्याकडं आली. मला वाटलं, आता तरी बोलेल. "सर, टेस्टचा निकाल आलाय. दुसरा सर्व्हर एकावन्नाव्या माणसाला पडतो. त्याच्यावर पन्नासची मर्यादा राहून गेलीय. तुम्ही बदलता का? सर्व्हर तुमचे आहेत."

तिनं तो कागद माझ्या तोंडावर फेकला असता तर बरं झालं असतं. पहिल्या सर्व्हरवरची मर्यादा मी तीन वर्षांपूर्वी वाढवली होती, दुसऱ्यावरची राहून गेली होती. मी तो एक आकडा बदलला. तंबाखू मळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

शुक्रवारी तिनं पुन्हा टेस्ट केली, या वेळी सत्त्याहत्तर सोडून. दोन्ही सर्व्हरनी दोन हजार माणसं पेलली. दुपारी ती जेवायला गेली असताना मी तिच्या टेबलाशी गेलो. निकाल बघायला गेलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं. कळफलकाखाली एक पत्र होतं, अध्यक्षांच्या नावे. 'गुरुवारी माझ्या चुकीमुळे वजनकाटा बंद पडला व सौ. तारामतीबाई यांच्या बोकडाचे वजन घटले. तरी फेरवजनाची परवानगी मिळावी.' खाली सही.

फेरवजनाला एक सूट आहे. चूक कंपनीच्या माणसाची असेल आणि त्यानं ती लेखी कबूल केली, तर जनावर पुन्हा काट्यावर घेता येतं. आजवर कोणी तसं लिहून दिलं नव्हतं, कारण तो कागद फायलीला लागतो. तीन महिन्यांच्या बोलीवर आलेल्या मुलीच्या फायलीला तो लागला की संचालक मंडळ तिला ठेवणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असणारच.

म्हणजे मी काहीच केलं नसतं तरी जिंकलो असतो. ती गेली असती, आणि आक्कांच्या शेजारची जागा पुन्हा माझी झाली असती.

मी पत्र दोनदा वाचलं आणि आणखीच पेटलो. आता तिच्या हुशारीचा हेवा नव्हता. हुशारीशी बरोबरी करायला माणूस पुस्तकं घेऊन बसेल, शिकेल. पण विचारूनही 'विचारलं नाही' असं कबूल करायचं, वर एका परक्या बाईच्या बोकडासाठी आपली नोकरी घालवायची, याच्याशी बरोबरी कशी करणार? हा कागद आक्कांच्या हातात पडला तर ती जाईल, पण जाताना माझ्यापेक्षा मोठी होऊन जाईल. मला ते सोसेना. मी खरं बोललो त्यात निम्मं कारण हे होतं. उरलेलं निम्मं तारामतीबाई, असं मी म्हणतो. कधीकधी मलाही ते पटतं.

मी तिचं पत्र घडी करून खिशात घातलं आणि माझं लिहिलं.

शनिवारी सकाळी ते आक्कांपुढं ठेवलं. आक्का वाचायला उशिरा शिकल्या, एकेका शब्दाखाली बोट धरून वाचतात. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आलं.

"तिनं इचारलं व्हतं?"

"व्हय."

"आन् तुला ठावं व्हतं, त्यो काट्याचा नंबर हाय म्हून?"

"व्हय आक्का. वही म्होरंच व्हती."

"मग का रं?"

काहीतरी मोठं, समजूतदार कारण सांगावं असं वाटलं. "जळलो," मी म्हणालो. "तुमी तिला जवळ केली."

बाहेर लिंबाजी फाटकाला तेल घालत होता, त्याचा करकर आवाज येत होता.

"माज्या चारशे बाया हायत, मार्तंडा," आक्का म्हणाल्या. "एकीच्या शेळीला तीन करडं झाली की शेजारनीला रातच्याला झोप न्हाई. म्या सोता लई जळलेय येकेकीवर. पर दुसरीच्या शेळीला कुनी उन्हात बांधलं न्हाई आजवर."

मी खाली बघत होतो.

"तारामतीला म्या फोन करते. उंद्या धाच्या आदी फेरवजन लाव. काट्यावर तू ऱ्हा. आत भैरवी बसंल."

बारा वर्षं बुकिंगच्या दिवशी आतल्या खुर्चीत मी बसत आलो होतो. दहाला बटण मी दाबायचो आणि आक्का माझ्यामागं उभ्या राहायच्या. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

भैरवीला तिचं पत्र परत दिलं. "याची गरज न्हाई. मी दिलंय."

तिनं घडी उघडून बघितली. "सर, मी कुणाला सांगणार नव्हते."

"म्हाइतंय," मी म्हणालो. तेच तर अवघड होतं.

रविवारी तारामतीबाई साडेनवाला आल्या. जीपमधून बोकड उतरवताना मी पुढं झालो. आत जत्रा भरल्यासारखी माणसं होती, मंडळाचे सभासद, गावोगावच्या बायका, सगळ्या भैरवीच्या संगणकाभोवती. फाटकाशी मी, लिंबाजी आणि तारामतीबाई.

"बाई, गुरुवारचं ते माझ्यामुळं झालं," मी म्हणालो.

"ठावं हाय. आक्कानं सांगितलं." त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि कासरा माझ्या हातात दिला. "धरा. लई वढतंय."

बोकड ओढत नव्हता. गुरुवारपासून त्यानं चारा नीट खाल्ला नव्हता, त्या सांगत होत्या. दोन दिवस नुसता बसून होता, काल कुठं जरा पाल्याला तोंड लावलं. लिंबाजीनं त्याला काट्यावर चढवलं. आकडा पळाला, थांबला, चौतीस आठशे.

लिंबाजी माझ्या कानाशी आला. "सायेब, अंगठा टेकवतो नुसता. दोनशे गिराम. कोन बगतंय?"

कोणीच बघत नव्हतं. माझ्या एका शब्दामुळं हा बोकड घटला होता, आता एक शब्दही न बोलता तो पस्तीस होणार होता. माझी मान हलायच्या बेतात होती.

"नगं, लिंबाजीभाऊ," तारामतीबाई म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं होतं. "आज माज्यासाटी अंगठा टेकवशीला, उंद्या दुसरीसाटी. काट्याला बोलू द्या त्येचं त्यो." मग माझ्याकडं वळल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "किती म्हनतोय, सायेब?"

"चौतीस आठशे."

"म्हंजी?"

"ब," मी म्हणालो. "ब वर्ग, बाई."

त्यांनी मान हलवली. पावती निघाली, त्यांनी अंगठा दिला.

"सकाळी पाणी पाजलं व्हतं का?" मी विचारलं.

"न्हाई की. वजनाआदी पानी न्हाई आसा नेम हाय नव्हं? काल रातच्याला दावलं तेवढंच."

"समदी पाजत्यात, मावशे," लिंबाजी पुटपुटला. "वर मीठ चारत्यात."

"समदी काय करत्यात ते समद्यास्नी ठावं."

तेवढ्यात दहा वाजले. आतून आरोळी उठली, मग टाळ्या. आक्कांचं हसू मला त्या गलक्यातही वेगळं ऐकू आलं. भैरवी व्हरांड्यात धावत आली. "सर, या ना लवकर! दोन्ही सर्व्हर सारखे भरलेत! एकाचंही पान अडकलं नाही!"

मागून आक्का आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा जळलो. तीन दिवसांत एवढं सगळं होऊनही जळलोच, ते काही कमी झालं नव्हतं.

"आलो," मी ओरडलो, आणि गेलो नाही. नळाखालची बादली भरली आणि काट्याशेजारी आणून ठेवली. बोकडानं आधी नुसतं नाक बुडवलं, मग पुढचे दोन्ही पाय रोवून प्यायला लागला. तारामतीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "लई तान लागली हुती गं माज्या बाळाला," त्या म्हणत होत्या. आत पुन्हा टाळ्या झाल्या. आम्ही तिघंही खाली जाणाऱ्या पाण्याकडं बघत होतो.

"आनकी भरू का?" मी विचारलं.

"भरा."

मी बादली पुन्हा भरून आणली. बोकड पीतच राहिला, आणि लिंबाजीनं उठून काटा बंद केला.